मावळ्यांच्या पायाखालचं गवत

एक सोप्पा प्रश्न. फेब्रुवारी महिन्यात सिंहगडाच्या उतारावरच्या गवताचा रंग कोणता असतो?

'हिरवा' म्हणालात? मग तुम्ही मेजॉरिटीत आहात, काळजी नको. दर दिवाळीला पुण्यातल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये, ठाण्या-डोंबिवलीतल्या बिल्डिंगांच्या कंपाउंडमध्ये आणि साताऱ्या-कोल्हापूरच्या गल्लीबोळांत जेवढे म्हणून किल्ले उभे राहतात, ते झाडून सगळे हिरवेगार असतात. उतारावर अळीव उगवलेलं, पायथ्याशी डबक्याचं तळं, तळ्यात प्लॅस्टिकचं बदक, शेजारी क्रिकेटचं मैदान आणि वरती सिंहासनावर महाराज. बसलेले असले तरी महादरवाज्यापेक्षा दुप्पट उंच. कधी कधी माचीवर हेलिकॉप्टरसुद्धा असतं. या किल्ल्यांवर माझं मनापासून प्रेम आहे आणि त्यांच्यात कुणी करेक्शन काढायला लागलं तर मला राग येतो.

पण गेल्या वर्षभरात मी अशा माणसांमध्ये वावरतेय, ज्यांना या गवताच्या रंगावरून रात्री झोप लागत नाही. वय पंचविशी ते चाळिशी. कुणी हिंजवडीत कोडिंग करतं, कुणी आर्किटेक्ट, एक जण डेंटिस्ट (त्याची हत्यारं सगळ्यांना हवी असतात). वीकेंडला मित्र मल्टिप्लेक्सला जातात, तेव्हा ही मंडळी घरातल्या एका टेबलावर, टेबललॅम्प डोळ्यांत घालून डायोरामा करत बसतात. डायोरामा म्हणजे थ्रीडी फ्रीझ-फ्रेम. लढाईतला, प्रवासातला, बाजारातला एखादा क्षण पकडायचा आणि लाकडाच्या फळीवर तो जसाच्या तसा उभा करायचा. सैनिक असतात बोटाएवढे. आणि गंमत अशी, की सैनिक रंगवायला दोन संध्याकाळी पुरतात. त्याच्या पायाखालची जमीन करायला तीन महिने लागतात.

मी विचारलं, असं का? तर उत्तर मिळालं, 'अगं, सैनिक कुणीही खपवून घेतं. माती खोटी असली की डोळा लगेच पकडतो.'

अळीव छातीपर्यंत

थोडं गणित करू. घाबरू नका, चौथीचं आहे. या छंदातला सगळ्यात लाडका सैनिक असतो साधारण ५४ मिलिमीटरचा, म्हणजे १:३२ स्केल. खऱ्या आयुष्यातले ३२ सेंटिमीटर म्हणजे फळीवरचा एक सेंटिमीटर. आता दिवाळीचं अळीव घ्या. चार-पाच दिवसांत ते आरामात चार सेंटिमीटर वाढतं. ३२ने गुणा. झालं १२८ सेंटिमीटर, म्हणजे मावळ्याच्या छातीपर्यंत. त्याचं इवलंसं पान, पाचेक मिलिमीटरचं, ते झालं १६ सेंटिमीटरचं. म्हणजे आपला मावळा गवतातून गनिमी काव्यानं सरकत नाहीये, तो भाजीच्या मळ्यात हरवलाय.

वाळूचा एक मिलिमीटरचा कण? लिंबाएवढा दगड. बागेतला बारीक खडा? उचलायला दोन माणसं लागतील असा धोंडा. एकदा हे गणित डोक्यात बसलं, की रस्त्यानं चालताना तुमची नजर बदलते. मी स्वतः परवा एका बांधकामाशेजारी उभी राहून 'काय सुंदर मुरूम आहे' असं पुटपुटले. शेजारच्या आजींनी माझ्याकडे बघून रस्ता क्रॉस केला.

तरी अळिवाला नावं ठेवू नका हां. त्याचा एक फंडा जबरदस्त आहे. अळीव भिजलं की त्याच्याभोवती बुळबुळीत जेलीसारखं आवरण तयार होतं. डिंकाच्या लाडवांचा सीझन आला की घरोघरी जे अळीव नारळाच्या पाण्यात भिजवतात, तेच हे. या चिकटपणामुळे बी उभ्या कड्यालासुद्धा धरून राहतं. मोहरी टाकली तर ती गडगडत खाली तळ्यात. म्हणून जाणती पोरं चढावर अळीव लावतात, सपाटीला मोहरी. आणि ज्यांना अजून बारीक पातं हवं असतं ती नाचणी पेरतात. नाचणी गवताच्याच कुळातली, त्यामुळे तिचं कोवळं पातं खरोखर गवतासारखं दिसतं. फक्त ती अळिवापेक्षा आळशी, चार दिवस आधी पेरायची. चिखलाच्या रबडीत बुडवलेलं गोणपाट विटांवर अंथरायचं, त्यावर बी दाबायचं आणि पाणी हातानं शिंपडायचं. मगानं ओतलंत तर अर्धा किल्ला पायथ्याशी.

वॉटर्लूचं पीक

गवतासाठी वेडं होणारी माणसं आपल्याकडेच आहेत असं समजू नका. या सगळ्यांचा खापरपणजोबा म्हणजे विल्यम सिबॉर्न नावाचा एक ब्रिटिश लेफ्टनंट. १८३० साली त्याच्यावर वॉटर्लूच्या लढाईचं मॉडेल करायची कामगिरी आली. लढाई होऊन पंधरा वर्षं झालेली. पठ्ठ्या उठला आणि थेट रणांगणावरच्या ला ए सांत नावाच्या शेतघरात जाऊन राहिला. किती दिवस? आठ महिने! रोज उठून जमीन मोजायची, चढ-उतार टिपायचे, हाच कार्यक्रम.

पण मोठी गोची होती. १८२०च्या दशकात तिथं एक भलंमोठं स्मारक-टेकाड उभारलं होतं, वर सिंहाचा पुतळा. आणि त्या टेकाडासाठी माती कुठून आणली? रणांगणावरच्याच कण्यासारख्या उंचवट्यावरून खरवडून! म्हणजे ज्या जमिनीवर लढाई झाली ती जमीनच जागेवर राहिली नव्हती. मग सिबॉर्ननं लढाईतून जिवंत परतलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं धाडली. तुमची तुकडी कुठं होती, शत्रू कुठं होता, हे तर विचारलंच. शिवाय एक प्रश्न असा, की तुमच्यासमोरच्या शेतात पीक कोणतं होतं आणि ते कोणत्या अवस्थेत होतं?

विचार करा. माणूस तोफांच्या माऱ्यातून वाचलाय, आणि पंधरा-वीस वर्षांनी त्याला कुणीतरी पत्रानं विचारतंय, की समोर राय होती की गहू, उभं होतं की तुडवलेलं. पण प्रश्न बरोबरच होता. ती लढाई १८ जून १८१५ची. जूनमध्ये तिथं राय माणसाच्या खांद्याच्या वर जाते. पीक उभं असेल तर समोरचं काही दिसत नाही, तुडवलं गेलं असेल तर दिसतं. कोण कुणाला कधी दिसलं, हे गवतावर ठरत होतं.

मध्येच सरकारनं हात आखडता घेतला. सिबॉर्ननं स्वतःच्या खिशातून आणि उधारीवर काम रेटलं. १८३८मध्ये लंडनच्या पिकाडिलीमधल्या इजिप्शियन हॉलमध्ये मॉडेल लोकांसमोर आलं. त्यात सत्तर हजारांच्या वर बारके धातूचे सैनिक होते, एकेक जेमतेम सेंटिमीटरभर. माणूस कर्जातून शेवटपर्यंत बाहेर आला नाही. मॉडेल मात्र लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. लंडनला असाल तर बघून या. सैनिकांकडे मग बघा, आधी शेतं बघा.

'हे पु. ल. देशपांडे उद्यान आहे'

आता माझ्या मित्राकडे येते. वय बत्तीस, सॉफ्टवेअरमध्ये, सिंहगड रोडला राहतो. त्याचे बाबा बँकेतून रिटायर झालेले. पुण्यातल्या त्या जमातीपैकी एक, जी दर रविवारी पहाटे आतकरवाडीवरून सिंहगड चढते, वर मडक्यातलं दही खाते आणि दहाच्या आत घरी येऊन दाढी करते. तीस वर्षं. पाऊस असो, लग्न असो, वर्ल्ड कपची फायनल असो.

दोन वर्षांपूर्वी काकांना पॅरालिसिसचा झटका आला. डावी बाजू गेली. आता काठी घेऊन घरातल्या घरात चालतात, बोलणं स्वच्छ आहे, डोकं तर आपल्यापेक्षा तल्लख. पण गडाचं नाव काढेनासे झाले. बाल्कनीतून सिंहगडाचा टॉवर दिसतो, तर काकांनी आपली खुर्ची उलट्या बाजूला फिरवून घेतली. काकूंनी मला हे स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगितलं. म्हणाल्या, 'भांडले असते तरी चाललं असतं गं. हे गप्पच बसतात.'

मित्रानं ठरवलं, गड घरी आणायचा. मुद्दाम प्रसंग निवडला, ४ फेब्रुवारी १६७०, तानाजींची माणसं द्रोणागिरीचा कडा चढून वर येतायत. तेव्हा गडाचं नाव कोंढाणा. फळी दोन फूट बाय दीड फूट. १:३२ला याचा अर्थ कड्याचा जेमतेम वीस मीटरचा तुकडा. नऊ मावळे, दोर, कडा आणि कड्याच्या वरचा गवताळ उतार. गणपतीनंतर काम सुरू केलं, रात्री काकू-काका झोपल्यावर. गवतासाठी इंटरनेटवरून नायलॉनचे हिरवे तंतू मागवले. दिवाळीत पाडव्याच्या दिवशी वरचं कापड काढून बाबांना दाखवलं.

काकांनी चष्मा लावला. दोन मिनिटं बघितलं. मग म्हणाले, 'हा सिंहगड नाही. हे पु. ल. देशपांडे उद्यान आहे.'

सिंहगड रोडचं ते जपानी पद्धतीचं उद्यान ज्यांनी पाहिलंय, तिथली ती इस्त्री केल्यासारखी हिरवळ ज्यांनी पाहिलीय, त्यांना हे किती जिव्हारी लागलं असेल ते कळेल. मित्राचा चेहरा पडला. पण काका थांबेनात. 'माघ वद्य नवमी होती. माघात गडावर हिरवं काय असतं? आणि हा कडा असा सुळक्यासारखा का केलायस? आइस्क्रीमचा कोन आहे का?'

काकू आतून धावत आल्या. दीड वर्षात काका एका दमात एवढं बोलले नव्हते.

गवताची सुतळी, चहाची गाळणी

आधी कड्याचं बघू, कारण इथं काकांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे आणि दिवाळीच्या किल्ल्यांनाही ते लागू पडतं. सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला. त्यामुळे आपले डोंगर शंकूसारखे निमुळते नसतात, ते पायऱ्यांसारखे असतात. उभा कडा, मग गवताची तिरकी पट्टी, पुन्हा कडा, पुन्हा पट्टी. लांबून बघा, आडवे पट्टे स्पष्ट दिसतात. आपण मात्र मातीचा ढीग करतो आणि वर बुरूज ठेवतो.

मित्रानं सगळं उखडलं. थर्माकोल नको होता (सजावटीच्या थर्माकोलवर आपल्या राज्यात २०१८मध्येच बंदी आली). मग खोक्यांचा पुठ्ठा कापून आडवे थर रचले आणि त्यावर मेडिकलमधून आणलेलं प्लॅस्टरचं बँडेज ओलं करून चढवलं. हात मोडल्यावर घालतात ना, तेच. सुकल्यावर दगडासारखं कडक. कड्याला खऱ्या बेसाल्टच्या कपच्या लावल्या. रंगवताना आधी सगळं जवळजवळ काळं, मग ब्रशवरचा रंग कागदावर पुसून टाकून, उरलेल्या कोरड्या राखाडीनं नुसत्या कडांवरून हलकेच फिरवायचं. खाचा काळ्या राहतात, कडा उजळतात आणि पुठ्ठ्याचा चक्क कातळ होतो. हे होताना बघणं ही जादू आहे, मी सांगते.

रंगाबाबत अजून एक. खऱ्या मातीचा नमुना समोर ठेवून हुबेहूब तोच रंग लावला, तरी छोट्या मॉडेलवर तो गडद वाटतो. कारण वीस मीटरचा डोंगर आपण लांबून बघतो, मध्ये हवा असते, ती रंग फिका करते. म्हणून मॉडेलवाले प्रत्येक रंगात थोडा पांढरा किंवा पिवळसर करडा मिसळतात.

मग माती. गडावरून काहीही उचलायचं नाही, हा काकांचा नियम. माती पायथ्याच्या रस्त्याकडेची. ती तव्यावर खरपूस भाजून घ्यायची, नाहीतर महिन्याभरात फळीवर बुरशी आणि किडे. मग चहाच्या गाळणीनं चाळायची. वरचं जाड ते धोंडे, गाळणीतून पडेल ती माती, आणि फडक्यातून पडेल ती धूळ. हे चाळायचं काम काकांनी मागून घेतलं, उजव्या हातानं. फिजिओथेरपिस्ट बाईंनी बघितलं आणि गाळणी काढून डाव्या हातात दिली. पहिल्या दिवशी निम्मी माती सतरंजीवर. काकूंनी सतरंजीबद्दल एक शब्द काढला नाही. गाळणीबद्दल मात्र काढला.

चिकटवायला फेव्हिकॉल, अर्ध्याला अर्धं पाणी घालून. नुसतं ड्रॉपरनं टाकलं तर पाऱ्यासारखे गोळे होऊन धुळीवरून घरंगळतात. त्यात भांड्याच्या लिक्विड सोपचा एक थेंब टाका, पाण्याचा ताण मोडतो आणि सगळं झिरपत आत जातं. ओलं असताना दुधासारखं दिसतं, घाबरायचं नाही. दुसऱ्या दिवशी पारदर्शक.

आता तो विलायती नायलॉनचा प्रकार. त्याला म्हणतात स्टॅटिक ग्रास. दोन, चार, सहा, बारा मिलिमीटरचे तंतू मिळतात. ते उभे राहतात विजेच्या जोरावर. एका धातूच्या जाळीत तंतू ठेवायचे, जाळीला हाय व्होल्टेज द्यायचं, दुसरी तार ओल्या गोंदात खोचलेल्या खिळ्याला. जाळी हलवली की प्रत्येक तंतू भारित होऊन सुईसारखा सरळ खाली झेपावतो आणि गोंदात उभा घुसतो. अंगावर काटा यावा तसं गवत उभं राहतं. मखमली कागद नि कापडं बनवायची जुनी पद्धत हीच. यंत्र विकत मिळतं, पण छंदवाले डास मारायच्या रॅकेटचं सर्किट काढून त्याला जाळी लावतात. जाळी कशाची? अर्थात चहाच्या गाळणीची. गाळणी नंबर दोन! (इलेक्ट्रॉनिक्समधलं कळत नसेल तर या भानगडीत पडू नका. त्या सर्किटचा झटका सणसणीत असतो.) दमट हवेत तंतू एकमेकांना चिकटून गोळे होतात. सप्टेंबरात मित्राचं निम्मं गवत असंच कापसाच्या बोळ्यांसारखं पडलं होतं.

पण माघातल्या गवताला नायलॉन हवंच कशाला? उपाय काकांनी सांगितला. देवघराच्या खणात सुतळीचा गुंडा होता. सुतळीचा रंग बघा, म्हणाले. अगदी फेब्रुवारी! मग सुतळीचे वीस-पंचवीस मिलिमीटरचे तुकडे करून, जुन्या टूथब्रशनं विंचरून, पिळ सोडवून, चिमटीनं एकेक झुपका गोंदात रोवायचा. गणितानं साठ ते ऐंशी सेंटिमीटर उंच गवत, मांडीपर्यंत. काही झुपके चहाच्या पाण्यात बुडवून मळकट केले, काही वाऱ्यानं झोपवले. फूलझाडूचे शेंडे कापून मध्ये मध्ये लावले, ते तर मुळातच गवत. तुळशीच्या वाळक्या मंजिऱ्यांची झुडपं झाली. चहाचा चोथा खडखडीत वाळवून कड्याच्या कपारीत टाकला, त्याचा पालापाचोळा. कारवीसाठी काथ्या. कारवी पावसाळ्यात गच्च हिरवी असते, पण उन्हाळ्याकडे नुसत्या वाळक्या काटक्या उरतात, ज्यांच्या कुडाच्या भिंती करतात त्या.

झुपके रोवायचं काम डाव्या हाताचं. चिमटी जमायला तीन आठवडे लागले. रोज वीस झुपके. मग तीस.

व्हिडिओ कॉलवरचा वणवा

गेल्या फेब्रुवारीत एका रविवारी मी आणि मित्र गडावर गेलो, काकांच्या आदेशानुसार. आदेशाची यादी होती. गवताची उंची, गुडघ्याशी धरून. मातीचा फोटो, उन्हात आणि सावलीत. रंगाच्या दुकानातलं शेडकार्ड न्यायचं आणि गवताशेजारी धरून नंबर लिहून आणायचा. बाकी पब्लिक सेल्फी काढत होतं, आम्ही जमिनीचे फोटो. एका काकूंनी विचारलं, 'काही हरवलंय का?'

कड्याजवळ पोचल्यावर मित्रानं व्हिडिओ कॉल लावला. आम्हाला वाटलं होतं, काका नाही म्हणतील. एक मिनिट स्क्रीनवर नुसता त्यांचा कान दिसत होता. मग चेहरा आला.

'डावीकडे घे. अजून. खाली. ते काळं काय आहे?'

'जळलंय, बाबा. वणवा लागून गेलाय.'

'दर वर्षी लागतो. आपल्या फळीवर नाहीये तो. लिहून घे.'

मग पंचवीस मिनिटं काका आम्हाला गडावरून फिरवत होते. इथं थांब, या दगडाच्या मागं बघ, तिथं पाण्याचं टाकं आहे ना, त्याच्या कडेला थोडं हिरवं असेल. होतं! बोटभर हिरवा पट्टा, पाणी झिरपतं तिथं. बाकी सगळीकडे सुतळी. शेवटी काका म्हणाले, 'आता दही खा आणि या.' फोन ठेवला. मित्र बराच वेळ काही बोलला नाही, मीही बोलले नाही. दही मात्र दोन दोन मडकी खाल्लं.

फळीवर आता एका कोपऱ्यात जळकं गवत आहे. काजळी आणि अगरबत्तीची राख, सुतळीचे खुंट मेणबत्तीवर जाळलेले. माझ्या मते संपूर्ण डायोरामातला हा सगळ्यात भारी तुकडा आहे. डोळा आधी तिथंच जातो आणि मग वर चढणाऱ्या माणसांकडे.

घरात वाद अजून दोन बाबतींत आहेत. एक, घोरपड. पोवाड्यातून आलेली यशवंती घोरपड ठेवायची की नाही? काकूंना हवी, काकांना नको, मित्र तटस्थ. दुसरा घाणेरीचा. आज गडाच्या वाटेवर जिकडे तिकडे घाणेरी दिसते, मित्रानं हौसेनं तिची छोटी छोटी फुलंसुद्धा केली होती. पण ही बाई मूळची अमेरिका खंडातली, भारतात आली एकोणिसाव्या शतकात, इंग्रजांनी बागेत लावायला आणली. १६७०च्या मावळ्याच्या अंगाला तिचे काटे लागणं शक्यच नाही. गुलमोहोराचं तसंच, तो मादागास्करचा. यंदा दिवाळीत किल्ल्यावर गुलमोहोर लावणाऱ्यांनी नोंद घ्यावी. किंवा घेऊ नये, लाल रंग छान दिसतो.

तुम्हालाही हौस आली असेल तर माझा सल्ला, आधी तारीख बघा, मग गोंद उघडा. प्रतापगड, १० नोव्हेंबर १६५९. पाऊस संपून महिना-दीड महिना झालेला, गवत वर सोनेरी आणि बुडाशी अजून हिरवट. उंबरखिंड, फेब्रुवारी १६६१. वाळकं जंगल, पायाखाली पाचोळा, म्हणजे भरपूर चहा प्या. लाल महाल, एप्रिल १६६३, तिथं गवतच नाही, सुटलात! फरशी करा. आणि अळिवासारखं गर्द हिरवंच हवं असेल, तर एकच प्रसंग. पावनखिंड, जुलै १६६०.

काकांनी पुढची फळी तीच ठरवलीय. पन्हाळ्याकडचा जांभा, लाल माती, धो धो पाऊस, शेकडो पायांनी तुडवलेला चिखल. ओली माती कोरडीपेक्षा गडद दिसते, तेव्हा रंग एक शेड खाली उतरवायचा, वर चमकदार वार्निश. पाण्याच्या डबक्यांसाठी पारदर्शक इपॉक्सी रेझिन, दोन-तीन मिलिमीटरच्या थरांनी, कारण जाड ओतलं की ते स्वतःच्याच उष्णतेनं तापतं आणि तडकतं. पडता पाऊस दाखवायचा नाही, असं ठरलंय. मित्राला नायलॉनच्या दोऱ्या टांगायच्या होत्या, काका म्हणाले, झुंबर वाटेल. त्याऐवजी गवत एका बाजूला झोपलेलं, डबक्यात वर्तुळं, पागोटी भिजून खाली ओघळलेली.

रेझिन आणून ठेवलंय, पण पावसाळी हवेत ते धुरकट होतं, म्हणून ओतायचं दसऱ्यानंतर. तोवर बाल्कनीच्या कठड्यावर बाटल्यांच्या सहा झाकणांत सहा प्रकारचा चिखल वाळत पडलाय, प्रत्येकावर काकांच्या अक्षरात नंबर. खुर्ची पुन्हा बाहेरच्या बाजूला वळलीय, कारण झाकणांवर लक्ष ठेवायला लागतं, कावळे नेतात. काकूंनी नवी गाळणी आणली. तिच्या दांड्यावर लाल नेलपॉलिशनं लिहिलंय, 'फक्त चहा'.